बाँब जात बघत नाय म्हणे!

मे २०२५ ची गोष्ट. पहाटेचे चार. नळावर रांग. माझ्या पुढं अकरा हंडे, दोन कळश्या, रंगाचा एक रिकामा डबा आणि मावशी. मावशी कुणाची सख्खी मावशी नाही, ती अख्ख्या गल्लीची मावशी. नळ नुसता फुसफुसत होता. रात्रभर प्रत्येकाच्या मोबाईलवर विमानं, ड्रोन, स्फोट. त्यातलं खरं किती, खोटं किती, कुणाला ठाऊक. पेंगता पेंगता मावशी म्हणाली,

"टाका म्हनावं एकदाचा त्यो मोठा बाँब. सुटंल समदं. रांग बी नाय नि हंडा बी नाय."

मागून एक पोरगं बोललं, "खरंय मावशे. बाँब जात नाय बघत. तुमी बी जानार नि त्यो वीस माळ्यावरचा शेट बी जानार."

रांग हसली. मीही हसलो. हंडा भरून घरी आलो, खाली ठेवला, आणि मग त्या हसण्याची लाज वाटायला लागली. दिवसभर वाटत राहिली. म्हणून हे लिहितोय.

दोस्तहो, ते हसणं मला कळतं. ज्याला रोज थोडं थोडं मरायचंय, त्याला एकदाच मरायची भीती कशी घालणार? पाण्याची रांग, संडासची रांग, रेशनची रांग, नाक्यावर मुकादम कुणाला उचलतो त्याची रांग. पांढरपेशे विचारवंत पंख्याखाली बसून लिहितात, अणुयुद्धात मानवजात नष्ट होईल. आम्हाला आधी एवढंच विचारावंसं वाटतं, या मानवजातीत आम्हाला कधी घेतलंत? घेतलं असेल तर तारीख सांगा. ज्या घरात आमचा वाटाच नाही ते जळालं तर आम्ही का रडावं? त्या पोराच्या बोलण्यात हाच कडवट आनंद होता. हजारो वर्षं जे धर्मानं केलं नाही, घटनेच्या कागदानं पुरतं झालं नाही, ते एक बाँब करील. सगळे एका दमात सारखे. समता!

वाक्य ऐकायला भारी आहे. पण च्यायला, खोटं आहे.

त्याच आठवड्यात, ७ मे ला, देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला. मोबाईलवर सूचना फिरत होत्या. भोंगा वाजला की घरात जा, दिवे घालवा, खिडकीपासून लांब राहा, तळघर असेल तर तळघरात उतरा. आमचं घर दहा बाय बारा. खिडकी नाही, हा एक फायदा. दिवे आमचे तसेही न सांगता जातात. आणि तळघर म्हणाल तर घराखाली गटार आहे, त्यात उतरायची आमच्या लोकांना जुनी सवय आहे. आमच्या बापजाद्यांनी भोंगा ऐकला तो गिरणीचा. भोंगा वाजला की पळत कामावर जायचं. आता भोंगा वाजला की लपायचं. लपायलासुद्धा जागा लागते राव. म्हणजे बाँब पडायच्या आधीच, नुसत्या सरावातच, माणसं दोन जातींत वाटली गेली. एक तळघरवाले, एक बिनतळघरवाले.

मी राहतो तिथून ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो. त्याच्या पलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्र. अलीकडे देवनारचं डंपिंग. एका बाजूला देशाची अक्कल, एका बाजूला शहराची घाण, मधे आम्ही. त्या केंद्रातल्या सायरस अणुभट्टीतलं प्लुटोनियम वापरून १८ मे १९७४ ला राजस्थानात पोखरणला पहिला स्फोट झाला. सरकारनं त्याला शांततामय स्फोट म्हटलं. ती भट्टी २०१० च्या अखेरीस थंड झाली. पण त्या स्फोटाला दोन वर्षं होत असताना या डोंगराच्या कुशीत काय झालं, ते शाळेच्या पुस्तकात नाही.

केंद्राच्या शेजारी जनता कॉलनी नावाची वस्ती होती. तिथल्या लोकांनाही मूळ शहरातून उठवूनच तिथं आणून टाकलेलं. तमिळ, मुसलमान, मराठी, सगळी हातावर पोट असलेली माणसं. दलदल बुजवून त्यांनी घरं उभी केली, आणि जागा राहण्यासारखी झाली तेव्हा अणुकेंद्राला विस्तारासाठी ती हवीशी वाटली. मे १९७६. आणीबाणी. पोलीस लावले आणि सुमारे ७० हजार माणसं उचलून खाडीकाठच्या चिखलात नेऊन ठेवली. तोच आजचा चित्ता कॅम्प. जोकिन अर्पुथम त्या लढ्यातूनच पुढं आला, आणि २०१८ साली गेला तेव्हा तो जगभरच्या झोपडपट्टीवाल्यांचा पुढारी होता. सांगायचं एवढंच, की बाँब अजून कुणाच्या डोक्यावर पडलेला नव्हता. तरी ७० हजारांची घरं पाडून झाली होती. आणि त्यात वीस माळ्यावरचा एकही शेट नव्हता.

आणखी मागं जा. बाँब काय आकाशातून सुरू होतो? तो जमिनीखालून सुरू होतो. युरेनियम खणावं लागतं. आपल्या देशात ते १९६० च्या दशकापासून खणलं जातं जादुगुडाला, आता झारखंडात असलेल्या सिंहभूममध्ये. जमीन संथाल आणि हो आदिवासींची. दगड कांडून युरेनियम काढलं की जो गाळ उरतो तो तलाव करून साठवतात, आणि ते तलाव त्यांच्याच गावांना लागून. पोरं अपंग जन्मतात, बायांची पोटं टिकत नाहीत, असं गावकरी वर्षानुवर्षं सांगत आलेत. आमच्यामुळं काही नाही, असं सरकारी कंपनी वर्षानुवर्षं सांगत आली. या गावांवर श्रीप्रकाश यांनी १९९९ साली माहितीपट काढला. त्याचं नाव 'बुद्धा वीप्स इन जादुगोडा', जादुगोड्यात बुद्ध रडतो. बुद्ध रडतो असं का म्हणावं लागलं, ते पुढं सांगतो.

म्हणजे खणायला आदिवासी, जागा द्यायला झोपडपट्टीवाला. आता फुटल्यानंतरचं बघू. माझ्या मनातून जात नाही ते हेच.

माझा आजोबा गावात मेलेली ढोरं ओढायचा. बाबासाहेबांनी सांगितलं, सोडा ही कामं, गाव सोडा. आजोबानं दोन्ही सोडलं आणि मुंबईला आला. पोरगा, म्हणजे माझा बाप, झाडूवर लागला. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली. दुसऱ्या दिवशी मुकादमाचा माणूस दारात. बाप गेला तो आठ दिवस धड घरी नाही. तबेल्यांतल्या म्हशी फुगून रस्त्यावर आल्या होत्या. त्या ओढायच्या होत्या. हातमोजे नव्हते, बूट नव्हते, तोंडाला बांधायला आईचं जुनं लुगडं फाडून दिलं होतं. परत आला तेव्हा आंघोळ करून करून त्याचं अंग सोललं होतं, तरी वास जात नव्हता. जेवायला बसला आणि म्हणाला, "बा नं गावात वढली, म्या मुंबईत वढली. फरक काय झाला?" त्यापुढं त्या विषयावर तो कधी बोलला नाही.

आता मला सांगा. पाऊस पडल्यावर ज्याच्या दारात मुकादमाचा माणूस येतो, त्याच्या दारात बाँब पडल्यावर कोण येईल? शहर जळेल, पण सगळं शहर मरणार नाही. जे उरतील त्यांना रस्ते मोकळे करून हवे असतील. प्रेतं उचलायला कुणी तरी लागेल. राख, ढिगारे, किरणांनी विटाळलेलं पाणी. त्या वेळी कुणाची यादी काढतील? लोकसेवा आयोगाची परीक्षा घेणार आहेत का?

जपानमध्ये बघा. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाची अणुवीजकेंद्रं फुटली. तो काही बाँब नव्हता, अपघात होता. पण साफसफाईला माणसं कुठून आली? ठेकेदारांनी आणली. ठेकेदाराखाली ठेकेदार, त्याखाली आणखी ठेकेदार, आणि सगळ्यात तळाला रोजंदारीचे आणि बेघर मजूर. ओसाका शहरात कामागासाकी म्हणून मजुरांचा नाका आहे. तिथल्या एकाला ड्रायव्हरचं काम आहे सांगून नेलं आणि थेट फुकुशिमात उतरवलं. आपल्या नाक्यावरच्या कुणालाही हे सांगा, त्याला भाषांतर लागणार नाही.

जपानचं निघालंच आहे तर हिरोशिमा-नागासाकीचंही नीट बघू, कारण बाँब जात बघतो की नाही याचा खरा पुरावा तिथंच आहे. ६ ऑगस्ट १९४५, सकाळी सव्वाआठ, हिरोशिमा. ९ ऑगस्ट, नागासाकी. वर्ष संपेपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार माणसं मेली, नागासाकीत सुमारे ७० हजार. हे आकडे आपल्याला माहीत असतात. पण जपानमध्येही अस्पृश्य होते, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? त्यांना बुराकू म्हणतात. कामं तीच : कातडं कमावणं, ढोरं कापणं, मढी उचलणं. १८७१ साली सरकारनं कागदावर अस्पृश्यता मोडली. कागदावर.

नागासाकीचा बाँब शहराच्या मध्यावर पडायचा होता. आभाळ होतं म्हणून तो सरकून उत्तरेला उराकामी भागावर फुटला. मुद्दाम नाही, हे मी कबूल करतो. विमानातल्या माणसानं जात विचारली नाही. पण उराकामीत कोण राहत होतं? पिढ्यान्‌पिढ्या छळलेले ख्रिस्ती, आणि त्यांना लागून बुराकू वस्ती. शहराच्या पोटात ज्यांना जागा नव्हती ते. आणि बाँबनंतर त्या शहरातच बोललं जाऊ लागलं की बाँब नागासाकीवर नाही पडला, उराकामीवर पडला. वाचलं ना? राख गरम होती तेव्हाच गावकूस परत उभं राहिलं.

हिरोशिमात हजारो कोरियन माणसंही मेली. जपाननं त्यांचा देश गिळला होता आणि त्यांच्यातल्या कित्येकांना मजुरीला जुंपलं होतं. त्यांच्या लोकांनी १९७० साली स्मारक उभारलं. शांतता उद्यानात नाही, बाहेर, नदीच्या पलीकडे. ते आत यायला १९९९ साल उजाडलं. माणूस अणुबाँबनं मेला तरी एकोणतीस वर्षं त्याचा दगड वेशीबाहेर! शांततेच्या बागेलाही गावकूस होतं.

आणि जे वाचले ते? त्यांना हिबाकुशा म्हणतात. लग्न ठरवताना बाँबच्या वेळी तू कुठं होतास हे विचारायचे. पोरी नाकारायचे. नोकरी देताना मागं सरायचे. माणसं आपलं गाव लपवायला लागली, जशी आपली पोरं कॉलेजात गेल्यावर आडनाव लपवतात. म्हणजे ज्या बाँबनं जात पुसायची, त्यानं नवी जात काढली. नवा विटाळ. त्या हिबाकुशांच्या संघटनेला, निहोन हिदांक्योला, २०२४ साली नोबेल शांतता पारितोषिक मिळालं. जवळजवळ ऐंशी वर्षं ते ओरडत होते.

बरं, बाँब तुमच्यावर पडलाच नाही, दूर कुठं पडला, तर? २०२२ साली शास्त्रज्ञांनी एक हिशोब मांडला. भारत-पाकिस्तानात अणुयुद्ध झालं तर जळणाऱ्या शहरांची काजळी आभाळात वर जाऊन बसेल, ऊन कमी होईल, पिकं जातील, आणि जगभरात दोनशे कोटींहून जास्त माणसं उपाशी मरू शकतील. दोनशे कोटी. उपाशी कोण मरतं, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. १९७२ च्या दुष्काळात आजी खडी फोडायला जात होती. लाल मिलो आणि सुकडी खाऊन तिनं चार पोरं जगवली, एक गेलं. त्याच गावात वाड्यातली कणगी भरलेली होती. अणुबाँबच्या दुष्काळातही कुठं तरी कणगी भरलेली असेल. आणि आमचा अंगठा रेशनच्या मशीनवर उठणार नाही.

आता कुणी तरी म्हणेलच, लेका तू देशद्रोही आहेस. पाकिस्तानकडे बाँब आहे, मग आपण काय हात जोडून बसायचं? पहलगामला २२ एप्रिलला २६ माणसं मारली, ती विसरायची? नाही विसरायची. मारणारे हरामखोर होते आणि त्यांना शिक्षा व्हायलाच हवी. आमचीही पोरं सीमेवर आहेत, शहीद होऊन घरी येतात, आम्हाला देशभक्ती शिकवू नका. पण बाँबनं शिक्षा कुणाला होते, ते विचारा. लाहोर, कराचीत गटारात उतरतो तो बहुतेक वेळा ख्रिस्ती असतो, मूळचा आपल्यासारख्याच अस्पृश्य जातीतला. धर्म बदलला, देश बदलला, हातातला झाडू बदलला नाही. लाहोरवर बाँब टाकाल तर तिथल्या जनरलला विमान मिळेल, त्या झाडूवाल्याला मिळणार नाही. त्यांनी मुंबईवर टाकला तर इथंही तेच. २०२५ साली आपल्याकडे सुमारे १८० आणि त्यांच्याकडे सुमारे १७० अण्वस्त्रं धरली जात होती. इतक्यांत दोन्हीकडचे झाडूवाले पुरून उरतील.

आणि बाँब रागानंच सुटतो असंही नाही. ९ मार्च २०२२ ला आपलं एक ब्रह्मोस क्षेपणास्त्र उडालं आणि पाकिस्तानात मियां चन्नूजवळ पडलं. चुकून सुटलं, असं आपल्याच सरकारनं सांगितलं. पुढं तीन अधिकाऱ्यांना काढलं. नशीब, त्यात स्फोटकं नव्हती. चुकून! आमच्या गल्लीत चुकून वीज जाते, चुकून भिंत पडते, चुकून माणूस गटारात गुदमरतो. ज्या देशात चुका नेहमी एकाच बाजूला पडतात, तिथं बटणावरचं बोट चुकणार नाही याचा भरवसा मी कसा धरू?

आता बुद्धाचं. १९७४ च्या स्फोटाला नाव चिकटलं 'हसरा बुद्ध'. मग ११ मे १९९८ ला पुन्हा पोखरण. त्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. आमच्या वस्तीत विहारात दिवे लागले होते, खीर वाटत होते, आणि टीव्हीवर बुद्ध पुन्हा हसला म्हणून पेढे वाटत होते. मी लहान होतो. मीही पेढा खाल्ला. आज तो घशात अडकलाय.

बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्यामागं १९५७ साली निघाला. त्यात सिद्धार्थ घर का सोडतो? म्हातारा, रोगी, मढं बघून नाही. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण होतं. सेनापती म्हणतो, युद्ध. सिद्धार्थ उभा राहून म्हणतो, पंच नेमा, बोलणी करा. मतं पडतात, बहुमत युद्धाला मिळतं. सिद्धार्थ तरी सैन्यात जायला नकार देतो. मग धमकी येते : घरच्यांवर सामाजिक बहिष्कार घालू, जमीन काढून घेऊ. सामाजिक बहिष्कार! शब्द ओळखीचा वाटतो की नाही? घरच्यांना त्रास नको म्हणून तो परिव्रज्या घेतो. बाबासाहेबांनी आपल्याला दिलेला बुद्ध हा असा. पाण्यासाठी युद्ध नको म्हणून बहुमतापुढं एकटा उभा राहिलेला. आणि तुम्ही त्याचं नाव बाँबला देता? देव्हाऱ्यात तुमचे एवढे शस्त्रधारी देव आहेत, हातात चक्र, गदा, त्रिशूळ. त्यातलं एखादं नाव घ्यायचं होतं. ज्याच्या हातात काही नाही त्याचंच नाव कसं सुचलं?

आणि आज पुन्हा पाणीच. एप्रिल २०२५ मध्ये सिंधू नदीच्या पाण्याचा १९६० चा करार आपण स्थगित केला. रोहिणी काय, सिंधू काय. सेनापती प्रत्येक काळात सापडतो. सिद्धार्थ कुठाय?

दुसऱ्या दिवशी पहाटे रांगेत मी मावशीला ही रोहिणीची गोष्ट सांगायला लागलो. तिनं मधेच थांबवलं.

"मला ठावं हाय रं. विहारात वाचत्यात दर वर्साला. तुला काय वाटलं, म्या खरंच टाका म्हनले? तोंडाची वाफ ती. दोन नातवंडं हायती मला."

मागचं पोरगं मोबाईलमधून मान वर करून ऐकत होतं. मी त्याला म्हटलं, बाळा, जात बाँब नाय बघत. बाँब ज्याच्या हातात असतो त्यो बघतो. ते काही बोललं नाही. हसलंही नाही.

दोस्तहो, माझ्या तीन मागण्या आहेत, आणि त्या सरकारकडे नाहीत, तुमच्याकडे आहेत. एक, वस्तीत कुणी युद्धाचे फटाके फोडत असेल तर त्याच्यासमोर जाऊन उभं राहा आणि तळघर कुठाय ते विचारा. दोन, येत्या ६ ऑगस्टला सकाळी सव्वाआठ वाजता आपापल्या नाक्यावर, मुकादम यायच्या आत, दोन मिनिटं थांबा आणि उराकामीची, त्या कोरियन दगडाची गोष्ट सांगा. तीन, पुढच्या बुद्धपौर्णिमेला विहारात ठराव करा की आमच्या बुद्धाचं नाव त्या स्फोटावरून काढा. ठराव पोस्टानं पाठवा. ते उत्तर देणार नाहीत. तरी पाठवा.

त्या दिवशी पाणी पाच वाजून दहा मिनिटांनी आलं. अर्धा हंडा मिळाला.